खोका तोच, चिप वेगळी

दुपारी अडीचला सर्व्हर पुन्हा अडकला आणि डिस्पॅचमधून तीन फोन एकदम आले. मानपाड्याच्या एका रंगाच्या कारखान्यातली ही गोष्ट, नव्वदीचं दशक संपतानाची. तिथे कॉम्प्युटर पुरवणारा आणि जोडणारा मी.

सर्व्हरवर लिनक्स होतं, विंडोजऐवजी चालणारी फुकटची सिस्टीम. तो हट्ट कोळी मॅडमचा. त्या कळव्याच्या, घरी मासेमारी. टायपिस्ट म्हणून लागल्या आणि स्वतः शिकून कॉम्प्युटर सांभाळू लागल्या. कारखान्याचे मालक देसाईसाहेब, त्यांची अट एकच, "महिनाभर न अडकता चालवून दाखवा. नाहीतर परत टायपिंगला."

नेटवर्क कार्ड म्हणजे कॉम्प्युटर केबलला जोडणारी पट्टी. ते चालवायला ड्रायव्हर लागतो, म्हणजे छोटा प्रोग्राम. खोक्यात विंडोजच्या ड्रायव्हरची फ्लॉपी मिळे. लिनक्सचे ड्रायव्हर बरेचदा जगभरची माणसं आपापल्या वेळात लिहीत आणि सगळ्यांना खुले ठेवत. ते कार्डावरच्या चिपप्रमाणे असत.

"सावंत, खोक्यावरचं नाव बघू नका हं. चिपवरचा नंबर बघा," असं बजावून मॅडमनी नंबर कागदावर लिहून दिला होता.

मी सॅम्पल म्हणून एक कार्ड आणलं. नंबर जुळला. आठ दिवस मस्त चाललं. मग ते परत करून तशाच खोक्यातली तेरा कार्डं उचलली. एकावरचाही नंबर बघितला नाही. आमच्या धंद्यात सॅम्पल पास म्हणजे माल पास.

आता सकाळी सगळं ठीक असे. दुपारी सगळे एकदम एन्ट्र्या मारायला लागले की कनेक्शन तुटे. मॅडमनी केबल बदलल्या, सेटिंग्ज तपासल्या.

"कार्ड तेच आहे ना?"

"तेच," मी म्हणालो. तेव्हा मला खरंच तसं वाटत होतं.

त्या जेवायला गेल्यावर मी सर्व्हरचं कॅबिनेट उघडलं. चिपवर वेगळाच नंबर. बनवणाऱ्यांनी खोका तोच ठेवून आतली चिप बदलली होती. मी झाकण लावलं. चारही स्क्रू घट्ट पिळले.

संध्याकाळी साहेबांनी दोघांना बोलावलं.

"काय मॅडम, फुकटचं ते फुकटचंच निघालं ना?"

"साहेब, चार दिवस द्या. मी शोधते."

"सावंत, हार्डवेअर?"

साहेबांच्या दुसऱ्या युनिटचं मिळू घातलेलं काम माझ्या हातातून जाईल, एवढंच डोक्यात होतं.

"हार्डवेअर ओके आहे, साहेब."

दुसऱ्या दिवशी विंडोज टाकलं, खोक्यातली फ्लॉपी घातली. तेच कार्ड निमूट चाललं. खोटं ठरलं ते लिनक्स. मॅडम टायपिंगला गेल्या. जाताना मलाच म्हणाल्या, "तुम्हाला उगाच त्रास झाला हो माझ्यामुळे."

हे वाक्य मी वीस-बावीस वर्षं सांभाळलं. गेल्या वर्षी कळव्याला त्यांच्या घरी गेलो आणि सगळं सांगून टाकलं. मग त्यांनी विचारलं, "नंबर काय होता?"

पाठ होता. सांगितला.

"अहो, त्या चिपचा ड्रायव्हर होता की तेव्हा. दुसऱ्या नावाने. सेटिंगमधली एक ओळ बदलायची, पाच मिनिटांचं काम." मग म्हणाल्या, "मला इतकी वर्षं वाटत राहिलं, माझंच शिकणं कमी पडलं."

हल्ली मी प्रत्येक खोका दुकानाच्या काउंटरवरच उघडून चिपचा नंबर बघतो. दुकानदार वैतागतो. चुकीच्या चिपवर इलाज असतो. फक्त झाकण लावायच्या आधी तोंड उघडावं लागतं.