धूर किचनमध्ये, घंटा दुबईत

आमच्या घरात नवी वस्तू कधी एकटी येत नाही. मागोमाग किस्से येतात, आणि वस्तू भंगारात गेली तरी किस्से घरातच राहतात. मिक्सरचे आहेत, इन्व्हर्टरचे आहेत. पण स्मोक डिटेक्टरने सगळ्यांना मागे टाकलं.

तर आमचं घर निर्मळला, केळीच्या वाडीत. मम्मी गेल्यापासून पप्पा तिथे एकटेच राहतात. वय अठ्ठ्याहत्तर, स्वयंपाक स्वतःच करतात. धाकटी लव्हिना दुबईला, मधला ग्लेन पुण्याला. मी थोरला, वसई स्टेशनजवळच्या टॉवरात, स्कूटरवर वीस मिनिटं. इतका जवळ असल्यामुळे महिन्यातून एकदा तरी जातोच!

*

सुरुवात डाळीपासून झाली. पप्पा डाळ गॅसवर ठेवून बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसले. डाळ आटली, करपली, धुराचा लोट खिडकीतून वाडीत गेला. शेजारच्या मार्थामावशी कुंपणावरून ओरडल्या, "अहो, तुमचं घर जळतंय!"

पप्पा खुर्चीतूनच म्हणाले, "मला तर काही वास येत नाही!"

खरंच येत नव्हता. दोन वर्षांपूर्वीच्या तापात त्यांचं नाक गेलं होतं, आणि ही बातमी आम्हा तिघा मुलांना आता कळली, तीही मावशींकडून. पुढच्या वेळी मावशी बाजाराला गेलेल्या असल्या तर?

*

मग आम्ही लगेच हालचाल केली. म्हणजे व्हॉट्सअॅप ग्रुप काढला.

ग्लेनने एक्सेल शीट बनवली. बारा मॉडेल, नऊ कॉलम. लव्हिनाने एकेका मॉडेलवर प्रवचनाएवढे व्हॉइस मेसेज पाठवले. मी प्रत्येक मेसेजला अंगठ्याचा इमोजी टाकला, कारण घरातला थोरला म्हणून निर्णय माझ्यावर होता. तीन आठवडे झाले, तेव्हा चर्चा रंगावर आली होती. पांढरा लवकर पिवळा पडतो, असं लव्हिनाचं म्हणणं.

पप्पाही ग्रुपवर होते, हे आम्ही विसरलो होतो. त्यांचा एकच मेसेज आला: "तुमचं ठरेपर्यंत मी कच्चंच खातो."

*

दुकानात चौकशी करावी म्हणून मी स्टेशनजवळ एका इलेक्ट्रिकच्या दुकानात गेलो.

"हॉटेल काढताय का?" दुकानदाराने विचारलं.

"नाही, घरासाठी."

"घरासाठी? साहेब, स्वतःच्या घराला आग लागली तर दिसेलच की!"

आणि हातात काय ठेवलं, तर बेल. बावीस ट्यून असलेली!

*

शेवटी ऑनलाइन मागवला. वायफायवाला. किचनमध्ये धूर झाला की तिघांच्या मोबाइलवर एकदम घंटा. बसवायला आलेल्या इलेक्ट्रिशियनने खोकं बघून डोकं खाजवलं. "किचनला उष्णतेवर वाजणारा लावतात, साहेब. हा धुरावर वाजतो. रोजच्या तळणीलापण बोंब मारणार."

त्या बिचाऱ्याने आयुष्यभर हेच काम केलेलं. आम्ही मात्र तीन आठवडे रिव्ह्यू वाचले होते! त्याचं कोण ऐकणार?

"कुठे लावू?" त्याने विचारलं.

पप्पांनी हॉलमधल्या अल्ताराकडे बोट दाखवलं. "तिथे लाव, देवाशेजारी. एकाला डुलकी लागली तर दुसरा बघेल." शेवटी लागला तो किचनच्याच छताला.

*

पहिल्याच रविवारी चर्चमधल्या मिस्सावरून आल्यावर पप्पांनी सुके बोंबील भाजायला घेतले. डिटेक्टर किंचाळला. ग्लेनने पुण्याहून फोन केला, पण बोंबील सोडून पप्पा फोन कशाला घेतील! लव्हिनाने दुबईहून थेट मार्थामावशींना फोन लावला, "मावशी, धावा! पप्पांच्या किचनला आग!"

मावशी बादली घेऊन धावल्या आणि दारातूनच तव्यावर पाणी मारलं. आग नव्हतीच, ती विझली. बोंबील मात्र वाहून गेले.

"घर जळालं असतं तरी चाललं असतं," पप्पा फोनवर मला म्हणाले. त्यांना रडूच यायचं बाकी होतं. "बोंबील राजोडीचे होते रे!"

*

त्यानंतर डिटेक्टर रोज वाजायला लागला. रोज दुपारी, साडेबाराच्या ठोक्याला! दुबईहून फोन, पुण्याहून फोन, माझा फोन. दर वेळी उत्तर तेच, "काही नाही रे, पापड जळला."

ग्लेनने त्याचीही शीट केली आणि सेन्सर बिघडल्याचा निष्कर्ष काढला. कस्टमर केअरला फोन केला. तिकडची मुलगी शांतपणे म्हणाली, "सर, धूर झाल्यावर वाजतोय. बिघाड नेमका काय आहे?"

"काढून टाकू या तो," मी पप्पांना म्हटलं. "उष्णतेवाला आणतो."

आठवडाभर त्या यंत्राला शिव्या घालणारे पप्पा एकदम गोड झाले. "कशाला? असू दे. सवय झाली आता."

*

पण मी थोरला! न सांगता उष्णतेवाला विकत घेतला, ऑफिसला दांडी मारली आणि स्कूटरवरून वीस मिनिटांत निर्मळला पोचलो. मागच्या दाराने जाऊन सरप्राइज द्यावं म्हटलं.

दाराआडूनच दिसलं, किचनमध्ये पप्पा डिटेक्टरखाली उभे होते. इस्त्रीचा शर्ट, विंचरलेले केस. चिमट्यात पापड धरून गॅसवर नीट, सगळ्या बाजूंनी जाळत होते. मार्थामावशी पाटावर बसून लसूण सोलत होत्या.

डिटेक्टर वाजला. माझ्या खिशात मोबाइल थरथरला. पप्पांनी गॅस बंद केला, झाडूच्या दांड्याने वरचं बटण दाबून आवाज थांबवला आणि मोबाइल मांडीवर घेऊन खुर्चीत बसले.

"आता पहिला लव्हिनाचा," ते मावशींना म्हणाले.

लव्हिनाचाच आला. दुबईची गरमी, नातवाची परीक्षा, सगळं बोलून झालं. मग ग्लेनचा आला. पप्पा हसले वगैरे. तोही फोन संपला. पप्पा मोबाइलकडे बघत बसले.

"आणि थोरल्याचा?" मावशींनी विचारलं.

"येईल ना. त्याचा उशिरा येतो," पप्पा म्हणाले. "लांब राहतो तो."

मी तसाच मागे फिरलो, विहिरीपलीकडे केळीत जाऊन उभा राहिलो आणि फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला.

"काही नाही रे, पापड जळला," पप्पा म्हणाले. "तू जेवलास काय?"