मुलाचा आवाज फुटला तेव्हा

माझ्या थोरल्या मुलावर मी चारचौघांत खोटा आळ घेतला, आणि तो खोटा आहे हे मला घेताना ठाऊक होतं. त्याच्या हातून काहीच घडलं नव्हतं. तो मोठा होत होता, एवढंच. आता शेत पोरं बघतात. मी दुपारचा ओटीवर बसून असतो आणि बसलं की तेच आठवतं. आठवून आठवून थकलो, म्हणून लिहायला घेतलं. ज्यांच्या घरी त्या वयाचं पोर आहे त्यांना उपयोग झाला तर झाला.

आमचं गाव पळसदरीच्या अलीकडे, घाटाच्या पायथ्याला. भाताची लावणी आटोपली की श्रावणात देवळात सप्ताह बसतो. सात दिवस वीणा जमिनीला टेकवायची नाही. एकाने तास दोन तास उभं राहून पहारा द्यायचा, मग ती दुसऱ्याच्या गळ्यात घालायची. घालताना दोघं एकमेकांच्या पाया पडतात. देणारा म्हातारा असो, घेणारा पोरगा असो, त्यात लहानमोठं बघत नाहीत.

माझा मुलगा लहान असल्यापासून भजनात माझ्या शेजारी उभा राहायचा. पहिलं चरण मी धरायचं आणि थांबायचं, दुसरं त्याने वरच्या पट्टीत उचलायचं. देऊळ गप्प होऊन ऐकायचं. साजगावच्या जत्रेत ओळखीची माणसं भेटली की आधी विचारायची, पोराला आणलंत का? मला ते फार गोड लागायचं. माझा स्वतःचा गळा बेताचाच. गावात मला जो मान होता तो त्याच्या गळ्यावर होता, आणि मी तो माझा समजून चाललो होतो.

चौदावं सरलं त्या उन्हाळ्यात त्याचं सगळं बदललं. भाकरी दुप्पट खायचा, उजाडलं तरी उठायचा नाही, बहिणीवर खेकसायचा. काही विचारलं तर मानेनेच हो-नाही करायचा. अभंग म्हण म्हटलं तर घसा दुखतो म्हणायचा. संध्याकाळचा रेल्वेच्या रुळांकडे जाऊन बसायचा. तिथे गाडीवान लोक बैल सोडून बसलेले असत. कुणीतरी माझ्या कानावर घातलं, की पोरगा गाडीवानांबरोबर चिलीम ओढतो. एका संध्याकाळी मी त्याला जवळ ओढून तोंडाचा वास घेतला. कैरीचा वास होता, दुसरा कसलाही नव्हता. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि आत गेला.

बायको म्हणाली, त्याचा आवाज फुटतोय. तिच्या भावांचा असाच फुटला होता. वर्षभर त्याला गाऊ देऊ नका, आपोआप बसेल. मी म्हटलं, रियाज सोडला म्हणून असं झालं.

माझ्या हट्टाला एक जुनं कारण होतं. मी त्याच वयाचा असताना माझ्या वडिलांनी मला सप्ताहातून काढलं आणि पावसाळाभर गुरांमागे डोंगरावर धाडलं. का, ते सांगितलं नाही. मला वाटलं, आपण नकोसे झालो. तो राग मी ते गेल्यावरही मनात धरून होतो. माझ्या पोराला मी असं बाजूला काढणार नाही, हे मी कधीचं ठरवून ठेवलं होतं. म्हणून बायकोचं ऐकलं नाही.

त्या श्रावणात शेजारच्या गावची मंडळी भजनाला आली होती. मुलगा खांबाआड उभा होता. मी त्याला हाताला धरून पुढे आणला, पहिलं चरण धरलं आणि नेहमीसारखा थांबलो. त्याने वर उचललं. अर्ध्यात आवाज चिरकला, मग एकदम घोगरा होऊन खाली पडला. मागून कुणीतरी म्हणालं, "कोंबडा आरवला रं, उजाडलं वाटतं." सगळे हसले. मृदंगावरचे आमचे म्हातारबुवासुद्धा हसले, त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं.

दुसरं चरण मी स्वतः उचललं असतं तर तिथेच सगळं मिटलं असतं. मी म्हटलं, "पुन्हा म्हण." त्याने पुन्हा म्हटलं आणि पुन्हा चिरकला. तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "गाडीवानांच्या चिलमीनं गळा नासवून आलाय. आता कुठला आवाज यायचा?"

हसणं थांबलं. त्याने टाळ खाली ठेवले, देवाला नमस्कार केला आणि बाहेर गेला.

तेव्हापासून तो माझ्याशी कामापुरतं बोलू लागला. बैल सोडू का, पाणी फिरवलं, एवढंच. उद्धट वागला असता तर मला रागवायला तरी जागा मिळाली असती. पण सांगितलेलं प्रत्येक काम तो करायचा. आईशी बोलायचा, बहिणीला हसवायचा. मी ओटीवर आलो की बोलणं थांबायचं. गावात काही दिवस त्याला चिलीमवाला म्हणून हाक मारीत, ती मी ऐकून न ऐकल्यासारखी केली. त्याचा आवाज पुढे जाड, भरदार झाला, तोही मला भिंतीपलीकडून कळला.

माझ्या वडिलांनी काय केलं होतं ते मला तेव्हा उमगलं. डोंगरावर मी गुरांना वाटेल त्या आवाजात हाका मारल्या होत्या. हसायला कुणी नव्हतं. पावसाळा सरून खाली आलो तो मोठ्या माणसाचा आवाज घेऊन. त्यांनी एक शब्द जरी सांगितला असता तर मला तेव्हाच कळलं असतं. पण त्यांनी निदान मला झाकलं होतं. मी माझ्या पोराला उघडा पाडला.

पुढच्या सप्ताहात मी मुद्दाम माझ्या पाठचा पहारा त्याला लावला. गाणं नाही, नुसतं उभं राहायचं, म्हणून तो आला. दुपारची वेळ होती. मी वीणा त्याच्या गळ्यात घातली आणि वाकून त्याच्या पायांवर डोकं ठेवलं, जरा जास्तच वेळ ठेवलं. तोही माझ्या पाया पडला. मी हलका होऊन घरी आलो. वाटलं, झालं, कळलं त्याला. संध्याकाळी तो आला आणि म्हणाला, बैलांना वैरण टाकली. बस.

मी बायकोकडे कुरकुरलो, की मी त्याच्या पायावर डोकं ठेवलं, आणखी काय करू? ती तांदूळ पाखडत होती. तिने सूप थांबवलंसुद्धा नाही.

"तुमी वीणेच्या पाया पडलात. तिथं सगळेच पडतात. तोंडानं बोललात ना, मग तोंडानंच परत घ्या."

मी म्हटलं, मग काल्याच्या दिवशी सगळ्या गावासमोर सांगतो.

"नको. परत त्याला सगळ्यांम्होरं उभा करताव? एकट्याला सांगा."

एकट्याला सांगायला मला माघ उजाडला. बापाने मुलाला काय म्हणायचं असतं ते मी कधी कुणाच्या तोंडून ऐकलेलं नव्हतं. त्याच्या समोर गेलो की बैलांचं काहीतरी विचारून परत फिरायचो.

माघात आम्ही राबासाठी टहाळ, म्हणजे झाडांचा पानासकट डहाळा, तोडायला डोंगरावर जातो. तो वाळवून, रोपाच्या जागेवर पसरून जाळायचा असतो. त्या दिवशी दोघंच होतो. मी कोयता घेऊन ऐनाच्या झाडावर चढलो, तो खाली भारे बांधत होता. पानांमधून मला त्याचं तोंड दिसत नव्हतं, त्याला माझं दिसत नव्हतं. बऱ्याच फांद्या पाडून झाल्या. हात भरून आले होते. मी कोयता फांदीत रोवला.

"ऐकतोस का रं?"

खालची पानांची सळसळ थांबली. "काय?"

"त्या सप्ताहात तुझा गळा वयानं फुटला व्हता. तू चिलीम वढत नव्हतास, मला ठाऊक व्हतं, मी वास घेतला व्हता. लोकं हसली तवा मला माझी लाज वाटली, ती मी तुझ्यावर ढकलली. मी खोटं बोललो. माझं चुकलं, पोरा. मला माफ कर."