कागदावरची तिची झोप

माझी बायको बोलता बोलता निघून जायची. उठून कुठं जायची नाही. बसल्या जागी डोळे उघडे, हात पिठात, ओठ काहीतरी चघळल्यासारखे हलतायत, पण ती तिथं नसायची. परत आली की विचारायची, "मी कुठवर बोल्ले?"

दुसऱ्या कुणाच्या घरात असती तर अंगात येतं म्हणून तिला हळदकुंकू लागलं असतं. आमच्या वडिलांनी धम्म घेतला तेव्हाच देव नदीत सोडले होते, आणि त्याचा मला आजही अभिमान आहे. पण मग तिच्यासाठी घरात एकच शब्द उरला, येडी.

थोरला भाऊ म्हणाला, "माहेरी घालून ये तिला. दुसरी बघू."

"न्हाई."

"मग काय करतूस?"

"डोक्याचा कागद काढतो."

परभणीच्या डॉक्टरनं सांगितलं होतं की, हैदराबादच्या मोठ्या दवाखान्यात एक मशीन आहे, ते डोक्यातली बिजली कागदावर उतरवतं. भाऊ म्हणाला, "काढ. कागद येडी म्हन्ला, तर माहेर. मंग तुझं काई आइकायचा न्हाई मी."

निघताना मीच हट्टानं घाण्याचं करडीचं तेल आणून तिच्या डोक्याला चोपडलं. मोठमोठे डॉक्टर डोक्याला हात लावणार, चांगल्या घरची बाई दिसावी. पिंगळीच्या स्टेशनावर ती उभी होती तेव्हा तेल कानामागून ओघळत होतं.

हैदराबादला मशीनवर एक बाई होती, दख्खनी बोलणारी. तिनं केसांत बोट घातलं नि माझ्याकडं पाहिलं. "ये सर है की भजियों की कढ़ई, भाई? एक तार नई चिपकता."

मी म्हणालो, "आमच्यात कोरड्या डोस्क्यानं बाई मयतीलाच जाते."

ती हसली आणि साबणाची वडी माझ्या हातावर ठेवली. अंगणातल्या नळाखाली मी बायकोचे केस धुतले. एकदा, दोनदा, तेल काही सुटेना.

"अहो, लोक बघायलेत," ती म्हणाली.

"बघू दे. वाक जरा."

तिसऱ्यांदा सुटलं एकदाचं. मग पडदे ओढलेली गार खोली. ओल्या केसांत तारा चिकटवल्या, डोळे मिटायला सांगितलं. प्रवासानं थकलेली ती, लगेच झोपली. मशीनचे एका रांगेतले शाईचे बारीक टाक कुरकुरत होते, खालून कागद सरकत होता. आधी रेघा दाट, गवतासारख्या बारीक. ती खोल गेली तशा त्या लांब झाल्या, संथ झाल्या, वाऱ्यानं ज्वारीच्या रानावर लाट जावी तशा. इतकी वर्षं मी या बाईच्या शेजारी झोपलो, पण तिची झोप त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. मलाही गुंगी आली. रेघांच्या काठाकाठानं आपण चाललोय, ती थोडी पुढं आहे, असं वाटत होतं.

तेवढ्यात टाक खडखडले. कागदावर बाभळीचे काटे उभे राहिले, ओळीनं. मी तिच्याकडं पाहिलं. ओठ तेवढे हलत होते. मशीनवरच्या बाईनं लाल पेन्सिलीनं खूण केली आणि हळूच म्हणाली, "येईच है." म्हणजे हेच ते.

डॉक्टर म्हातारे होते. कागदावर बोट फिरवत म्हणाले, "पागल नई है. दिमाग की बिजली भटकती है. मिरगी की एक जात है. गोली रोज, नागा नई. छे महिने बाद फिर कागज निकालेंगे, तब देखेंगे कित्ता फरक पड़ा."

घरी आलो. भाऊ ओट्यावरच होता.

"कागद कुठाय?"

"त्यांनी ठिवून घेतला."

"मंग मी कशावर इश्वास ठिवू?"

"माझ्यावर. येडी न्हाई ती."

"गोळीनं बंद व्हतंय का?"

"कमी व्हईल म्हन्ले."

"म्हंजी हायच."

"हाय. आन् ती बी हितंच हाय."

ती दारात उभी राहून ऐकत होती. भाऊ ओट्यावरून उठला. म्हणाला, "तर चूल येगळी मांड."

लिंबाखाली तीन दगड मांडले. ती धुरात डोळे चोळत भाकरी थापत होती, मी काटक्या सारत होतो.

"काय दिसलं तुमाला कागदावर?" तिनं विचारलं.

मी सांगितलं; गवत, रान, काटे.

"काटे लय व्हते?"

"व्हते थोडे."

तिनं भाकरी उलटली. "पुढल्या खेपंला मला उठवून दाखवा. माझंच हाय ते, म्याच बघितलं न्हाई."

"दाखवतो," मी म्हणालो, आणि पहिली गोळी तिच्या तळहातावर ठेवली.