पार्कात राहणाऱ्या सुहासिनीताई

निरांजनाच्या वाती अर्ध्याच वळून झाल्या होत्या. कापसाचा पुंजका मांडीवर तसाच ठेवून सुहासिनीताई नातीच्या फोनकडे डोळे बारीक करून पाहत होत्या. फाटकावर सकाळी नोटीस डकवली होती: जागा उद्यानाची, बांधकाम हटवा.

"आजी, ये देखो, शहर का नया नक्शा," सानिका म्हणाली. "ये अपनी गली, ये शुक्लाजी का घर. और उसके बाजू में..."

"बाजूला काय गं?"

"सब ग्रीन है. पार्क लिखा है."

उत्तरेतल्या या शहरात, जानकीपुरममध्ये, हे घर ताईंच्या यजमानांनी, बाळकृष्णरावांनी, रेल्वेच्या नोकरीत असताना पोटाला चिमटा काढून बांधलं. लूच्या, उन्हाळी झळांच्या दिवसांत वरचं देवघर तापू नये म्हणून त्यांनी गच्चीवर मधुमालती चढवली. ते गेले, वेल मात्र फोफावत राहिली. सारी गच्ची झाकून फाटकापर्यंत उतरली. देवाला फुलं घरचीच, याचं ताईंना केवढं कौतुक!

आणि नव्या नकाशासाठी मोजणीवाला आला तो नेमका श्रावणी शुक्रवारी. ताई सोवळ्यात, पुरण चुलीवर. आतूनच ओरडल्या, "भैया, छूना मत कुछ! नैवेद्य होने दो, फिर आती हूँ." नैवेद्य दाखवून बाहेर येतात तो फाटकाशी कुणी नाही. येईल परत, म्हणून त्या जेवायला बसल्या.

वाती तशाच टाकून, खरेदीखत आणि घरपट्टीच्या पावत्या पिशवीत घालून त्या सानिकाला घेऊन महापालिकेच्या कार्यालयात गेल्या. बाबूने संगणकावर घराच्या जागी बोटभर हिरवा ठिपका दाखवला.

"माताजी, पार्क में रहती हैं क्या आप?" शेजारच्या टेबलावरचा कुणी फिस्कन हसला. मग बाबूच जरा नरमला. "सैटेलाइट की फोटो में हरियाली है, छत ही नहीं दिखती. सर्वेवाले ने भी लिखा है, मौके पर कोई नहीं मिला."

"मिलती कैसे? सोवळ्यात थी मैं!"

"वो क्या होता है?"

ताईंना सांगता येईना. सानिकाकडे पाहिलं, तिलाही येईना.

"कागज़ आपके सही हैं," तो म्हणाला. "पर आपत्ति इसी नक्शे पर, ऑनलाइन देनी थी. तारीख निकल गई." हरकत नोंदवायची मुदत ताईंच्या नकळत टळली होती.

"और बेल काट दूँ तो?"

"नई फोटो आएगी, तब दिखेगा."

"कब आएगी?"

"पता नहीं, माताजी."

घरी आल्यावर ताई देवापुढे बसल्या. गाऱ्हाणं घालायला हात जोडले. ज्याच्यासाठी सोवळं पाळलं, ज्याच्यासाठी फुलं राखली, त्यालाच काय सांगायचं? समोरच्या तबकात सकाळचीच मधुमालती होती, कोमेजलेली.

"आजी, बेल मत काटो ना. आजोबांची आहे," सानिका म्हणाली. एरवी मराठीला तोंड न लावणारी पोर.

ताईंनी उरलेल्या वाती वळायला घेतल्या. उद्या पूजा आटोपली की अमीनाबादच्या बाजारात जायचं, वेल कापायची मोठी कात्री आणायला.