उन्हात न दिसलेली ज्योत

इनास मास्तरांची नि माझी पहिली भेट गोड झाली नाही. बी.एस्सी. होऊन मी वसईच्या शाळेत रसायन शिकवायला आले, त्या दिवशी प्रयोगशाळेच्या दारातच त्यांनी मला पदर खोचून यायला सांगितले. प्रयोगशाळेच्या मदतनिसाने पदवीधर बाईला असे सांगावे, याचा मला राग आला. पदर खोचला, राग मात्र वर्षभर ठेवला.

मास्तरांचे नियम थोडे, पण न वाकणारे. स्पिरिटचा मोठा डबा बाहेर सावलीत, आत फक्त लहान बाटली. दिवा फुंकायचा नाही, टोपण घालून विझवायचा. पूर्ण निवल्याशिवाय पुन्हा भरायचा नाही. दाराशी वाळूची बादली नि भिजवलेले गोणपाट. लढाईच्या काळात एकदा शाळेची तपासणी आली, तेव्हा ते मळकट गोणपाट काढून टाका, असे मी बजावले. मास्तर "बरं बाई" म्हणाले. त्यांनी माझे ऐकले नाही, ते तेवढे एकदाच.

तपासणीच्या दिवशी खिडकीतल्या उन्हात दिवा होता. भर उन्हात स्पिरिटची ज्योत दिसत नाही, हे मीच मुलींना शिकवत असे. तरी घाईत, दिवा विझला आहे असे समजून मी त्यात बाटलीतले स्पिरिट ओतले. भडका उडाला आणि शेजारी उभ्या असलेल्या आनामारी या विद्यार्थिनीची उजवी बाही पेटली. पोर धावू लागली. मास्तरांनी तिला आडवे पाडले, बाकामागे दडवलेले गोणपाट तिच्यावर दाबले आणि आग विझताच तिचा हात विहिरीच्या पाण्यात धरला.

तिची आजी जवळच बाजारात मासळी विकायला बसे. ती धावत आली. पोरीला पुढे जाळी विणायची आहेत, उजवा हात गेला तर तिचे कसे व्हायचे, एवढाच तिचा घोष.

"मास्तर, नुसत्या पान्यानं काय व्हनार? शाई लावा. का शाळंत शाईचाबी दुष्काळ हाय?"

"आय, शाई कागदाला. हाताला पानीच."

अर्धा तास त्यांनी हात पाण्याबाहेर येऊ दिला नाही. चिकटलेले कापड ओढले नाही, भोवतीने कापले. फोडांना हात लावला नाही. उकळून वाळवलेले फडके सैल गुंडाळून पोरीला टांग्यातून डॉक्टरांकडे नेले. बोटे वळतील की नाही, हे डॉक्टरांनाही सांगता येईना.

पुढे रोज शाळा सुटली की मास्तर पाचूबंदरला आनामारीच्या घरी चालत जात. पट्टीखाली कुणी चुना, राख भरली नाही ना, ते पाहत. "आला फौजदार," म्हणून आजी त्यांना चहा देई. पट्टी कायमची सुटली त्या दिवशी मीही गेले होते. करंगळी पुरती वळली नाही. पण आनामारीने सुई घेतली आणि आमच्यासमोर जाळ्याच्या चार गाठी मारल्या. मास्तरांनी त्या एकेक ओढून पाहिल्या. आजीला माझी चूक मी तिथेच सांगितली.

शाळेत मात्र सांगितली नव्हती. चूक कुणाची, असे तपासणीच्या साहेबांनी विचारले, तेव्हा मी शब्द जुळवत होते आणि मास्तर म्हणाले, "सामान माझ्या ताब्यात असतं." त्यांची वेतनवाढ त्या वर्षी थांबली. मी गप्प राहिले. मास्तरांनी तो विषय पुन्हा काढला नाही. नव्या शिक्षकांना ते ही हकीकत दरवर्षी सांगतात, ती "एका बाईंची" म्हणून.

आज मास्तर साठ वर्षांचे होत आहेत. ती बाई मी. त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, हात असेच खंबीर राहोत. आणि यापुढे ती हकीकत सांगताना त्यांनी माझे नाव घ्यावे. नावानिशी सांगितलेली चूक अधिक लक्षात राहते.