समुद्र बुजवला त्याची गोष्ट

मुंग्या लागू नयेत म्हणून साखरेचा डबा पाण्याच्या ताटलीत ठेवला, तर एक मुंगी आधीच डब्यावर! आता ती काठाकाठाने फेऱ्या मारतेय आणि मला माझं बालपण दिसतंय.

कॅरिबियनमधलं आमचं बेट अगदी असंच होतं. आत ऊस, बाहेर पाणी. बाबा तिथल्या साखर कारखान्यात इंजिनिअर. बेट एवढंसं, की झोपेत कूस बदलली तर माणूस समुद्रात! शप्पथ, मी पडलोय. माझ्या रंगपेटीतला निळा तर वैतागून आपोआप संपायचा. “एवढा गळीत हंगाम झाला की घरी सांगलीला निघू,” असं बाबा दर हंगामाला म्हणायचे.

शेवटी मीच मार्ग काढला. बेटाचं चित्र काढलं आणि भोवती सगळीकडे तांबडी माती रंगवली.

“अरे गाढवा, समुद्र कुठाय?” आईने विचारलं.

“बुजवला. आता सांगलीला चालत जाऊ.”

“थांब, चप्पल घालते,” आई म्हणाली. पण हसली नाही. त्या मातीकडे बघतच राहिली. मी चित्रकार झालो तो त्याच दिवशी.

आत्ता मी ताटलीवर ब्रश आडवा टाकून मुंगीला पूल करून दिला. ती अर्ध्यावर आली, बाबांसारखी थबकली आणि साखरेकडे परत फिरली.