भिवापूरच्या मिरचीत मीठ-साखरेचं पाणी

विमलताई गजभिये यांच्यामुळे मी नागपुरात टिकलो, हे आधी सांगतो. ताई समाजशास्त्र शिकलेल्या. रामदासपेठेतल्या एका आरोग्य प्रकल्पात लोकांच्या सवयी समजून घेण्याचं काम त्यांच्याकडे होतं. मी गुहागरकडचा, सातवीत शाळा सोडलेला, त्यांच्या हाताखाली तात्पुरता लागलेला.

स्टेशनवर उतरलो तेव्हा कोरडी थंडी होती, ओठ फुटले. ऑफिसात साहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "भिवापूरचं काम जमलं नाही, तर परत गावी." गावी मासेमारीला होडी नाही, जाळं नाही. परत जाऊन करणार काय?

काम सोपं वाटलं. जुलाब झालेल्या लेकराला तांब्याभर उकळून गार केलेल्या पाण्यात तीन बोटांची चिमूट मीठ आणि मूठभर साखर घालून ते पाजायचं. हे आयांना पटवायचं.

भिवापूरला एसटीतून उतरतानाच मिरचीच्या ठसक्यानं शिंका सुरू झाल्या. सातऱ्यात (मिरची वाळवून देठ खुडण्याचं आवार) जमीन लालभडक, कडेला बायका खुडत बसलेल्या. माझे डोळे वाहू लागले.

"पाह्य वं सुमन, हा भाऊ तर आतापासूनच रडून राहिला," एक म्हातारी म्हणाली. "बायकोची याद आली काय गा?"

"लग्न नाही झालं, आजी."

"मंग काहून रडतं?"

सगळ्या हसल्या. त्यांनी मला भाकर आणि वरण दिलं. वरणही तिखटच. पाण्याचं सांगितलं की सगळ्या म्हणत, "देतो ना भाऊ, देतो." पण दवाखान्यात सुकलेली लेकरं येतच होती. साहेब म्हणाले, बायका अडाणी आहेत, आणखी पोस्टर लावा. मला झोप लागेना.

ताई म्हणाल्या, "त्यांना विचारू नकोस. करून दाखवा म्हण, आणि गप्प बस."

दुसऱ्या दिवशी सुमनच्या घरी गेलो. तिनं तांब्या घेतला, साखर डब्यातूनच ओतली. मिठाच्या बरणीशी हात नेला आणि मागे घेतला. मी गप्प बसलो.

"दिवसभर मिरची खुडतो मी," ती शेवटी म्हणाली. "साबण लावला तरी बोटाची आग जात नाही. त्या बोटाचं मीठ लेकराच्या तोंडात कसं देऊ? एकडाव देलं, तर रडून रडून निळं झालं."

"मग रोज हो का म्हणायच्या?"

"तू एवढ्या दूरून आला. तुले नाही कसं म्हणू?"

मी हे साहेबांना सांगितलं. तीन बोटांच्या चिमटीचं चित्र असलेली पोस्टरं छापून आली होती. ते चिडले. ताई शांतपणे म्हणाल्या, "चित्र आपलं चुकलंय, बायका नाही. आणि हा मुलगा राहील." मग त्यांनी बोटांऐवजी बाटलीच्या झाकणानं मिठाचं माप डॉक्टरांकडून ठरवून घेतलं. नवं चित्र छापण्याआधी सातऱ्यातल्या बायकांकडून पाणी करवून पाहिलं. पुढच्या खेपेला सुमननं मी न विचारताच झाकण काढून मीठ मोजून दाखवलं. तिचं लेकरू पाणी प्यायलं, आणखी मागत होतं.

रजेवर गावी निघालो आहे. गाडीत विचार येतो, माणूस ऐकत नाही असं आपण किती पटकन म्हणतो, आणि त्याच्या हाताकडे बघत नाही. ताई स्टेशनवर आल्या होत्या. बोलता बोलता म्हणाल्या, समुद्र अजून पाहिला नाही. एक दिवस त्यांना गुहागरला आणीन. नुसतं या म्हणणार नाही, तिकीट हातात देईन.